बारावा महिना

पाथर्डी फाट्यावर, झेरॉक्सच्या दुकानात
माझं एक टेबल आहे, लॅपटॉप आहे,
आणि अंगठा घ्यायचं काळं यंत्र, आगपेटीएवढं.
मी भाडेकरार करतो. अकरा महिन्यांचे.
दुष्काळातला तेरावा महिना सगळ्यांना ठाऊक,
बाराव्याचं कुणी विचारत नाही.

कायमचा पत्ता, हा रकाना रोज भरतो.
मु. पो. वरूळ, ता. शिरपूर.
मु. पो. कासारे, ता. साक्री.
केराकत, जिल्हा जौनपूर.
कायमचा म्हणतात तिथे बहुतेक कुलूप असतं
नाही तर धाकटा भाऊ, तोही निघायच्या बेतात.

सबनीस मुलुंडहून फोन करतात. रविवारी, साडेनऊला.
पैसे लावायचे आहेत.
"माणसं कुठून येतात ते तुझ्या लॅपटॉपात आहे,
कुठे थांबतात तेवढं सांग, पुढचं मी बघतो."
आलेख हवा होता. काढला.
तीन वर्षांचे करार, तालुकावार, रंग देऊन.
एक निळा ठिपका फुगत गेलेला,
शिरपूर, साक्री, शिंदखेडा
येऊन एकाच गल्लीत सांडलेलं, मळ्यामागे.
का, ते आलेखात नव्हतं.
अंबडच्या कंपन्या जवळ, असं मी लिहून टाकलं.
कंपन्या तर शेजारच्या गल्लीलाही तेवढ्याच जवळ.

खरं कारण इंदूबाई बिरारी.
गाळा नंबर दोन. शेवभाजी, कळण्याची भाकरी,
पैसे या हप्त्याला, नाही तर पुढच्या.
एसटीतून उतरलेलं पोरगं बॅगेसकट तिथे येई.
"ये रे भाऊ, जेवी ले आधी."
मग हात पुसत सांगायची
कुणाची खोली रिकामी, कुठल्या शिफ्टला माणूस हवा,
कुठला मालक उन्हाळ्यात पाणी तोडतो.
तिच्या वहीत अक्षरं नव्हती, खुणा होत्या.
माझ्या लॅपटॉपात नव्हतं ते सगळं त्या खुणांत होतं.

सबनीसांनी अख्खी इमारत घेतली.
नऊ खोल्या, दोन गाळे.
माझं कमिशन आलं,
फ्रिजचा पहिला हप्ता भरला त्यातून.
गाळ्याचं भाडं दीडपट झालं. बाजारभाव, ते म्हणाले.
इंदूबाईचा करार संपून महिना चढला होता. बारावा.
नोटीस मीच टाइप केली
आणि तिने ती माझ्याकडूनच वाचून घेतली.
"चूल काय, तठे बी पेटस,"
एवढं म्हणून टेम्पोत पातेली उलटी रचली.

तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.
शिमग्याला तीन खोल्या रिकाम्या होत्या.
आखाजीला गावी गेलेली पोरं परतली, नाही असं नाही,
पण दुसऱ्याच स्टॉपवर उतरली.

काल सिन्नरच्या पुढे गेलो होतो, मुसळगावला.
घरी येऊन करार करतो, असा माझा बोर्डच आहे.
पत्र्याचा गाळा, ओला रंग, तीच पातेली.
अंगठा उमटेना.
तव्याने, राखेने रेषा खाल्लेल्या.
कपाळावर घासा म्हटलं, घासला.
फडक्याला पुसला, फुंकर मारली, डावा झाला, उजवा झाला,
यंत्र लालच, ही बाई कोण म्हणून.
सातव्यांदा हिरवं झालं.
तोवर दारात दोन पोरं उभी, बॅगा खांद्यावर,
भिंतीकडे बघत, भूक लागली नसल्यासारखी.
कायमचा पत्ता? मी सवयीने विचारलं.
"मांगे काय लिखं व्हतं?
तेच लिख."

आज रविवार. साडेनऊ.
टेबलावर फोन थरथरतोय,
थरथरत थरथरत कडेला चाललाय.
सबनीस विचारतील, वस्ती कुठे सरकली.
फ्रिजचे अजून चार हप्ते बाकी आहेत.